आधी मशीनले बोलू द्या

वहिनी गेल्याचं दादानं मला सांगितलं नाही, आणि तरीही मला ते त्याच्याकडूनच कळलं. मी वरूडला होतो. एका संत्र्याच्या व्यापाऱ्यानं पॅकिंगसाठी नवी शेड बांधली होती, तिथं सत्यनारायण सांगत होतो. दुसरा अध्याय संपत आला होता आणि पाटाशेजारी उलटा ठेवलेला फोन थरथरायला लागला. अकोल्याचा नंबर. वहिनी दवाखान्यात, म्हणून उचलला. दादा म्हणाला, "पूजा चालू हाय का?" मी म्हटलं, "चालू हाय." तो म्हणाला, "मंग संपव आधी. मंग कर फोन." आणि ठेवून दिला. बस, एवढंच. आमचं घराणं भिक्षुकीचं. सुतक कानावर आलं की लागतं, ते लागलं की पूजा तिथल्या तिथं मोडते, हे दादाला कोणी शिकवायची गरज नव्हती. यजमानाची शेड, त्याचे पाहुणे, त्याचा शिरा... हे सगळं मोडू नये म्हणून त्यानं ते एक वाक्य गिळलं. उरलेले अध्याय मी कसे वाचले ते त्या सत्यनारायणालाच ठाऊक. यजमान म्हणाला, "महाराज, आवाज काहून बसला?" मी म्हटलं, "घसा." मग रस्त्यावर येऊन, ट्रकांच्या गोंगाटात एका कानावर हात ठेवून फोन लावला. दादा म्हणाला, "गेली रे."

समोरच्याचं हातातलं काम पुरं होईस्तोवर आपण तोंड उघडायचं नाही, ही रीत आमच्या घरात मुळीच नव्हती. आम्ही सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलणारे लोक. ती रीत वहिनींनी आणली. म्हणून लिहायला बसलोय.

सुनंदावहिनी चांदूर बाजारच्या. अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या. लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थानं मोठ्या कौतुकानं सांगितलं की मुलगी सोल्डरिंग करते. माझी आई म्हणाली, "करू दे. घरच्या भांड्यांना कल्हई तरी होईल." दादा तेव्हा अकोल्याजवळच्या एका सूतगिरणीत हिशेबाच्या खात्यात होता. लग्नानंतर वर्षभरातच वहिनींनी जुन्या कापड बाजाराच्या मागं एक गाळा घेतला आणि कंप्युटर दुरुस्तीची पाटी लावली. बाई कंप्युटर उघडते हे पाहायलाच लोक यायचे. काही जण तर नुसते पाहून जायचे. मी त्या वेळी बी.एस्सी.त आपटी खाऊन अमरावतीला वडिलांच्या डोळ्यांसमोर बेकार फिरत होतो. वहिनी दादाला म्हणाल्या, "भाऊजींले काउंटरवर बसवा. हात नाई चालत त्यायचे, तोंड तरी कामी येईन." अपमान झाला, पण गेलो. आणि खरं सांगतो, आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं मी त्या काउंटरवर काढली.

त्या काळच्या कंप्युटरांविषयी आजच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटेल. बटण दाबलं की पडद्यावर काही दिसायच्या आधी तो डबा स्वतःचीच तपासणी करायचा. मेमरी आहे का, पडद्याचं कार्ड आहे का, कीबोर्ड जागेवर आहे का. आता त्यात पडद्याचंच काही बिघडलेलं असेल तर बिचाऱ्यानं सांगायचं कसं? म्हणून आत एक लहानसा स्पीकर असायचा. सगळं ठीक असेल तर एकच आखूड 'टुक'. एक लांब आणि दोन आखूड आले तर पडद्याच्या कार्डात गडबड. लांबच्या लांब ओरडत सुटला तर मेमरी. वहिनी ते ऐकूनच झाकण उघडायच्या. पण गिऱ्हाईक म्हणजे वऱ्हाडातलं गिऱ्हाईक! डबा टेबलावर ठेवता ठेवताच त्याचं पुराण सुरू. काल लाइट गेली, पोट्ट्यानं गेम टाकला, साळ्यानं काहीतरी दाबलं, परवापर्यंत तर चांगला चालून राह्यला होता... वहिनी हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "आधी मशीनले बोलू द्या. तुमचं मंग." मग सगळं दुकान चिडीचूप. एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, माझे वडील दुकानात हत्यारांची पूजा सांगायला आले होते. मंत्र ऐन रंगात, आणि वहिनींनी एका डब्याचं बटण दाबलं. "मामंजी, जराकसं थांबा." जन्मात ज्यांचा मंत्र कोणी अडवला नव्हता ते माझे वडील पळीतलं पाणी पळीत धरून थांबले. 'टुक' झालं, मग पाणी सोडलं. घरी येऊन आईला म्हणाले, "सून जबरी आहे."

गर्व होता वहिनींना आपल्या कानांचा, भारी गर्व. मुंबई-नागपूरकडे तेव्हा एक तपासणीचं कार्ड निघालं होतं. कंप्युटरच्या आतल्या खाचेत खोचायचं, की तपासणी जसजशी पुढं सरकेल तसतसे त्यावर दोन लाल अक्षरांचे आकडे पळत जायचे. जिथं मशीन अडकेल तिथं आकडा थांबायचा. आमच्या समोरच्या दुकानानं ते आणलं. वहिनी म्हणाल्या, "ज्याले कान नाईत त्यानं आकडे पाहावे." हे त्या पुन्हा पुन्हा, मोठ्यानं, समोरच्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या.

आणि मग ती वर्षं आली. कपाशी एका वर्षी बोंडअळीनं नेली, एका वर्षी पाण्यानं, एका वर्षी पडलेल्या भावानं. कापूस गेला की अकोल्यात नवं काहीच विकलं जात नाही, ना मोटरसायकल ना कंप्युटर. मात्र जुनाच डबा कसाबसा उठवा म्हणणारी रांग दुकानात वाढली. दादाच्या सूतगिरणीचा पगार आधी अडला, मग अर्ध्यावर आला, मग एक दिवस गेटालाच कुलूप लागलं. पेपरातल्या त्या काळच्या बातम्या तुम्हाला आठवत असतील, मी पुन्हा सांगत नाही. दादा सदरा घालून गिरणीच्या वेळेलाच घरातून निघायचा, कुठंतरी फिरून यायचा, आणि विचारलं तर रागवायचा. घरात आई, वडील आलेले असले तर वडील, दोन मुली, मी. आमचं अख्खं घर वहिनींच्या कानांवर चालत होतं, म्हणाना.

आणि ते कान जात होते. खुणा होत्या, कोण पाहतंय? कुकरच्या शिट्ट्या त्यांना कमी वाटायला लागल्या. वरणाची पेज व्हायची आणि त्या कुकरला शिव्या द्यायच्या. दादा म्हणायचा, "तुझा कुकरही आता दुरुस्तीले टाक." सगळे हसायचो. माणसांचं बोलणं त्यांना कळायचं, कारण त्या समोरच्याच्या तोंडाकडे रोखून पाहायच्या. आम्हाला वाटायचं, दुकान सांभाळून नजर करडी झाली. बारीक, तीक्ष्ण आवाज तेवढे हळूहळू गळून जात होते, हे त्यांनाही उमगलं नव्हतं. जे ऐकूच येत नाही, ते येत नाही हे कळणार कसं?

मूर्तिजापूरच्या अलीकडे सत्तारभाईंची जिन होती, कापसातून सरकी काढायचा कारखाना. पिढीजात कापसाचा धंदा, उंच, दाढीवाले, कमी बोलणारे. वहिनींना ते 'बेटी' म्हणायचे. वजनकाट्याच्या खोलीत त्यांचा कंप्युटर होता, त्यावर गाडीचं वजन यायचं आणि चिठ्ठी निघायची. ऐन हंगामात तो बंद पडला. आम्ही एस.टी.नं गेलो. बाहेर बैलगाड्यांची, मॅटाडोरची ओळ थेट सडकेपर्यंत. खोलीत सत्तारभाई, काटेवाला, हमालांचा मुकादम, दारात आठ-दहा गाडीवान. सगळे एकदम बोलत होते. वहिनींनी हात वर केला, "आधी मशीनले बोलू द्या." सगळे गप्प. बटण दाबलं.

डब्यानं टाहो फोडला. टूंऽऽऽ... टूंऽऽऽ... टूंऽऽऽ... बाहेरच्या बैलांनी कान टवकारले असतील. आणि वहिनी हात तसाच वर धरून, मान किंचित तिरपी करून उभ्या. "थांबा," त्या म्हणाल्या, "बोलन आता."

टूंऽऽऽ... टूंऽऽऽ...

खोलीतली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. मुकादम माझ्याकडे, मी काटेवाल्याकडे. कोणाच्याही तोंडून शब्द फुटेना. नियम त्यांचाच होता ना, मशीन बोलेपर्यंत कोणी बोलायचं नाही! मशीन गळा काढून बोलत होतं, आणि ते बोलतंय हे सांगायला आम्हाला तोंड नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "बोर्ड गेला वाटते. आवाजच नाई." माझ्या वहिनी, ज्यांनी माझ्या बापाचा मंत्र थांबवला, त्या आवाजच नाई म्हणत होत्या, आणि तो आवाज माझ्या दातांत शिरत होता.

सत्तारभाई शेवटी हलले. वहिनींना दिसेल असे समोर येऊन त्यांनी आपला हात उचलला, आणि प्रत्येक आवाजाबरोबर मूठ उघडायची, आवाज थांबला की मिटायची, असं करू लागले. उघड, मीट. उघड, मीट. वहिनींनी त्या मुठीकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे... ती नजर मी विसरायची म्हटलं तरी विसरणार नाही. लहान मूल जत्रेत हात सुटल्यावर पाहतं तशी ती नजर होती. क्षणभरच. मग त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "भाऊजी, खोडरबर द्या."

मेमरीच्या पट्टीच्या खाचेत रुईचा बारीक कचरा गेला होता. त्यांनी पट्टी काढली, तिच्या पितळी दातांवर खोडरबर घासला, फुंकर मारली, दाबून बसवली. पुन्हा बटण. 'टुक' झालं. सत्तारभाईंनी एकदा मूठ उघडली, एकदा मिटली. मग पडद्यावर उजेड आला आणि बाहेर गाडीवानांनी बैलांना हाकारलं.

परतीच्या एस.टी.त वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. बोरगाव आलं. मग म्हणाल्या, "कवापासून वाजून राह्यलं होतं थे?"

"सुरू केलं तवापासून."

"आन् तुमी सारे गप बसले?"

"तुमचाच नियम, वहिनी."

त्यांना हसू फुटलं. असं हसू की पुढच्या सीटवरची बाई वळून पाहायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लागला आणि तो तिथंच राहिला. अकोला आल्यावर म्हणाल्या, "उद्यापासून दुकान बंद. आंधळ्यानं गाडी हाकू नाई."

दुकान खरोखर बंद राहिलं. अमरावतीला कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस सुकत चालली आहे, परत येणार नाही. कानामागं लावायचं यंत्र दिलं. त्यात माणसांचा आवाज आणि पंख्याचा आवाज सारखाच मोठा व्हायचा. वहिनींनी ते दोन दिवस लावलं आणि डबीत घातलं. मी म्हटलं, मी असतोच दुकानात, आवाज आला की बोटांनी दाखवत जाईन. वहिनी उसळल्या. "मले कोनाचे बोटं नाई पाहिजेत! आज तुमी दाखवान, उद्या गिऱ्हाईक दाखवन. मंग म्या तिथं काय कराव, गंध लावून बसाव?" दादा तिकडं तोंड करून बसलेला. गिरणी बंद, दुकान बंद. दोघं एकाच घरात, आपापल्या बंद गेटाबाहेर.

मग मी नागपूरला गेलो आणि ते कार्ड आणलं. तेच, कान नसलेल्यांचं. घरात वादळ होईल असं वाटलं होतं, पण वहिनींनी नुसतं पाहिलं आणि ते हिरवं कार्ड स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या कपाटात ठेवून दिलं. आपलेच शब्द गिळायचे म्हणजे कारल्याच्या रसाहून वाईट. मी त्या विषयावर पुन्हा ब्र काढला नाही. आमच्या आईनं तेवढं विचारलं, "या मसाल्यात ते हिरवं काय आहे गं?"

खंडेनवमी आली. दरवर्षीप्रमाणे मी पाट मांडला, बंद दुकानातून स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंगची बंदूक, मीटर, चिमटे घरी आणून धुवून-पुसून ठेवले. वडील आले नव्हते, पूजा मीच सांगत होतो. मंत्र सुरू असताना वहिनी उठल्या, आत गेल्या, आणि ते कार्ड आणून सगळ्या हत्यारांच्या मधोमध ठेवलं. त्याच्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आणि मला म्हणाल्या, "थांबले काहून? म्हणा पुढं." माझा मंत्र चुकला. आयुष्यात पहिल्यांदा मंत्र चुकल्याचा आनंद झाला.

दसऱ्याला दुकान उघडलं. आकडे पाठ करायला वहिनींना फार वेळ लागला नाही. समोरच्या दुकानदाराला स्वतः जाऊन सांगून आल्या, "आता म्याही तुमच्याच जातीतली." तो बिचारा लाजला. पुढं कुठला आकडा कुठल्या कंपनीच्या बोर्डात काय, हे विचारायला तोच यायचा, आणि भांडण झालं की वहिनी हरायच्याही, कारण आकडे सगळ्या बोर्डांचे सारखे नसतात. हरल्या की चहा पाजायच्या. एकदा मी विचारलं, "हा सी-वन म्हणजे मेमरी खराब, असंच ना?" त्या म्हणाल्या, "नाई. आकडा रोग नाई सांगत, भाऊजी. मशीननं कोनतं काम हातात घेतलं होतं आन् कुठं थांबलं, तेवढंच सांगते. मेमरी शोधाले निघालं होतं, तिथं अडकलं. आता थे मेमरीनं अडलं का धुळीनं, का तिच्या वाटेतल्या दुसऱ्याच कशानं... थे आपन पाहाचं." हे त्या मशीनविषयीच बोलत होत्या, त्यात दुसरं काही घालायची त्यांना सवय नव्हती. पण मी भिक्षुक माणूस, मला प्रत्येक गोष्टीत अर्थ काढायची खोड. त्या वर्षांत आमच्या भागात कोणी खचला, कोणी गेला की लोक लगेच कारण सांगून मोकळे व्हायचे. मला वहिनींचं वाक्य आठवायचं. माणूस कुठं थांबला तेवढंच आपल्याला दिसतं.

दादाची गोष्ट तशीच. सदरा घालून फिरणारा दादा एक दिवस फिरत फिरत दुकानात आला आणि बसला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. एक डबा दुरुस्त होऊन सुरू झाला, 'टुक' वाजलं, आणि दादाचं बोट आपोआप वर गेलं. एक बोट, वहिनींकडे. मी घाबरलो, बोटांवरून केवढं रामायण झालं होतं. वहिनींनी कार्डाकडे पाहिलं. आकडे पळत पळत एफ-एफवर येऊन थांबले होते, म्हणजे तपासणी संपली, सगळं ठीक. त्यांना दादाच्या बोटाची काही गरज नव्हती. त्यांनी दादाकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाल्या, "बिघाड मी पाहीन. मशीन बरं झालं का, थे तुमी सांगत जाजा."

तेव्हापासून ती दादाची नोकरी. रोज वेळेवर यायचा, वहिनींच्या स्टुलासमोर बसायचा, आणि दिवसभरात जितके डबे बरे व्हायचे तितक्या वेळा एक बोट वर करायचा. कधी गिऱ्हाईकाशी बोलता बोलता, कधी पेपर वाचता वाचता, वर न बघता. वहिनी तेवढं पाहायच्या आणि झाकणाचे स्क्रू आवळायला घ्यायच्या. फिरणं बंद झालं त्याचं. सूतगिरणीचं नावही पुढं फारसं निघालं नाही.

वडिलांमागं यजमान सांभाळायला मी अमरावतीला परतलो. मोबाइल आले, डबे गेले, मुलींची लग्नं झाली, गाळा सुटला. वहिनी दुकानातलं स्टूल घरच्या खिडकीत मांडून थोडंफार करायच्या, दादा समोर बसायचा, मग तेही थांबलं. शेवटचा भेटलो तो अकोल्याच्या दवाखान्यात. उशाशी नाडीचे ठोके मोजणारं, हिरव्या आकड्यांचं यंत्र. मध्येच ते ओरडायला लागलं, नर्स धावत आली. वहिनी यंत्राकडे पाहत होत्या. मला म्हणाल्या, "वाजून राह्यलं का?" मी मान डोलावली. "मंग गप बसा," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. दादा पायथ्याशी बसला होता, दोन्ही हात मांडीवर.

सुतक फिटलं आणि महिन्याभरात खंडेनवमी आली. ज्या घरात माणूस गेलं तिथं वर्षभर सण करू नये, असं मीच लोकांना सांगत फिरतो. पण दादा म्हणाला, "हत्यारांले कायचं सुतक रे?" शास्त्रात काय आहे ते मी पाहिलं नाही. पाट मांडला. सोल्डरिंगची बंदूक, चिमटे, मीटर आणि मधोमध ते कार्ड. त्याच्या खाचांत दरवर्षीचं हळद-कुंकू इतकं मुरलंय की मूळ हिरवा रंग शोधावा लागतो. दादानं स्वतः सगळ्या हत्यारांना कुंकू लावलं. पूजा झाल्यावर दादाची धाकटी मुलगी म्हणाली, "काका, एकदा लावून पाहू." माळ्यावरचा जुना डबा खाली काढला, धूळ झटकली, मेमरीच्या पट्टीवर खोडरबर फिरवला, कार्ड खोचलं. बटण दाबलं आणि कोणी काही न सांगता सगळं घर चिडीचूप झालं. पंखासुद्धा कोणीतरी बंद केला. लाल आकडे पळाले, एका ठिकाणी अडखळले, पुन्हा पळाले...

'टुक' झालं. दादा खिडकीतल्या स्टुलासमोर, त्याच्या नेहमीच्या जागी बसला होता. कुंकवानं माखलेलं त्याचं एक बोट वर गेलं, त्या रिकाम्या स्टुलाकडे. आकडे केव्हाच एफ-एफवर येऊन थांबले होते, तरी त्यानं बोट खाली घेतलं नाही.